चार जागांचा फाउस्तिनो

पहिला बेस, दुसरा, तिसरा आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप. या चारही जागी मी खेळलोय, आणि एकाही जागी मला कच्चा म्हणायची कुणाची टाप नाही. आमची लीग हिवाळ्यात भरते; सान पेद्रोच्या मैदानावर चौदा हिवाळे काढलेत. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाच्या बायकोचं बाळंतपण आलं, की मॅनेजर सिरिलो एकच हाक मारतात: "फाउस्तिनो!" तुझी स्वतःची जागा कोणती, असं मला विचारणाऱ्याला बेसबॉल कळत नाही.

त्या रविवारी सामन्याआधी सिरिलोंनी मला बाजूला घेतलं. "उद्या अमेरिकेतून एक खेळाडू येतोय. एकाला घरी पाठवावं लागणार. तू, नाहीतर योस्वानी."

योस्वानी आमचा चोवीस वर्षांचा शॉर्टस्टॉप. त्याने मारलेला चेंडू भिंतीपलीकडच्या उसात शोधावा लागतो. मी अडतिसाचा.

"मग अडचण काय आहे?" मी म्हणालो. "पोराला सांगून टाका."

"जीभ तेवढी पंचविशीची राहिलीय तुझी," सिरिलो म्हणाले. हसले मात्र नाहीत. मला खेळ सोडायचा नव्हता. दुसरं काही येत नाही, आणि शिकायची हौसही नाही.

सामना शेवटच्या डावापर्यंत ताणला गेला. आम्ही एका धावेने पुढे, त्यांचा एकच गडी बाद करायचा राहिलेला. मी दुसऱ्या बेसवर होतो. तेवढ्यात त्यांच्या एल्विडिओने चेंडू पार डाव्या कोपऱ्यात धाडला आणि धुळीत घसरत माझा बेस गाठला. चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये आला, पण उशिरा. बेसवर पाय असेतो गड्याला बाद करता येत नाही; पाय सुटला की चेंडू टेकवून करता येतं. आणखी एक फटका बसला की बरोबरी. त्यांच्या लोकांनी स्टँडमध्ये ढोल बडवायला घेतले.

अशा वेळी चेंडू फेकणाऱ्याला, म्हणजे पिचरला, परत द्यायचा असतो. मी उंचवट्यावर जाऊन पिचर मेलानिओच्या पाठीवर थाप मारली आणि परत आलो. चेंडू दिलाच नाही. मेलानिओ माझ्याबरोबर सहा हिवाळे खेळलाय, त्याला सांगावं लागलं नाही. हातात चेंडू नसताना पिचरने उंचवट्यावरच्या पट्टीवर पाय ठेवला, तर समोरच्याला पुढचा बेस फुकट मिळतो. म्हणून तो पट्टीच्या मागेच घुटमळला. हाताला पावडर चोळली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मी पंचाला ग्लोव्ह किंचित उघडून दाखवला. त्याने नाक खाजवलं.

"झकास मारलास रे," मी एल्विडिओला म्हणालो.

"म्हातारबा, तुम्ही अजून खेळताय? मला वाटलं, नातवंडं सांभाळता."

"सांभाळतोच आहे. ते बघ, तुझे भाऊबंद नाचतायत तुझ्यासाठी."

हल्ली असा फटका मारला की बेसवर उभं राहून आपल्या संघाकडे बघत नाचायची रीत आहे. एल्विडिओने हात वर केले, कंबर हलवली. एक पाय बेसवरून उतरला, मग दुसरा. मी त्याच्या बरगडीला ग्लोव्ह टेकवला.

"आउट!" पंच ओरडला.

"कसला आउट? चेंडू तिकडे आहे!" एल्विडिओ मेलानिओकडे बोट दाखवत राहिला. मी ग्लोव्ह उघडून त्याच्या नाकापुढे धरला. ढोल बंद पडले. मला सगळ्यात आधी उचलून घेतलं ते योस्वानीने.

कपडे बदलताना सिरिलो शेजारी येऊन बसले. "योस्वानीला सांगितलं मी. रडला थोडा. पुढच्या वर्षी येईल, त्याच्याकडे वर्षं आहेत."

मला त्या पोराचं वाईट वाटलं. पण माझ्या खेळावर पाणी सोडण्याइतकं नाही.

"उद्या लवकर ये," सिरिलो म्हणाले. "बेनितोचा गुडघा सुजलाय. त्याच्याऐवजी कॅचर म्हणून बसशील ना?"

चौदा हिवाळ्यांत मी एकदाही बॅटरच्या मागे उकिडवा बसलो नव्हतो.

"मॅनेजर," मी म्हणालो, "किती उशीर केलात विचारायला!"