काटेबोरीचा पाटील वर्गातून उठला

वाशीमच्या कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली जाजम अंथरलं होतं आणि त्यावर तालुक्याचे पाटील शाळकरी पोरांसारखे मांडी घालून बसले होते. अकोल्याच्या साहेबाचा हुकूम होता : नव्या-जुन्या सगळ्या पाटलांनी चैत्रात यावं, सरकारी काम पुन्हा एकदा नीट शिकावं, मगच गावी जावं. पंचनामा कसा करायचा, जन्ममृत्यूची वर्दी कशी द्यायची, साथ आली तर काय करायचं, असं सगळं.

पहिल्या दिवशी नायब तहसीलदारांनी कडब्यानं भरलेलं पोतं मधोमध टाकलं आणि सांगितलं, हा मुर्दा समजा, करा पंचनामा. साठीला टेकलेले पागोटेवाले पोत्याभोवती उकिडवे बसले. एकजण म्हणाला, "साहेब, याचं डोक्सं कोनीकडं हाय ते तरी सांगा." सगळा वर्ग हसला. नायबसुद्धा हसले.

काटेबोरीचा जगदेव पाटील हसला नाही. तो सगळ्यांत तरुण. बाप गेल्या दिवाळीला वारला आणि चोविसाव्या वर्षी पाटीलकी त्याच्या डोक्यावर येऊन बसली. तो जाजमाचा सुटलेला धागा ओढत होता. ओढता ओढता बोटभर जाजम उसवलं तरी त्याला कळलं नाही.

त्याचं लक्ष गावी होतं. म्हणजे लग्नात असायला हवं होतं, कारण धाकट्या बहिणीचं, रुख्मिणीचं लग्न शनिवारवर येऊन ठेपलं होतं. धानोऱ्याहून वऱ्हाड येणार होतं. मांडव घातला होता, बुंदी पाडायला आचारी ठरला होता. पण जगदेवच्या डोळ्यांपुढं मांडव येत नव्हता. गावातल्या पुंजाजीची ओसरी येत होती.

निघायच्या सकाळी बैलांची दमणी जुंपून तो पुंजाजीच्या घरावरून चालला होता. पुंजाजीचा व्याही रात्रीच मोगलाईतून, हिंगोलीच्या बाजूनं आला होता आणि ओसरीवर आडवा पडला होता. पुंजाजीची बायको त्याच्या पोटऱ्यांना सुंठ चोळत होती. जगदेवनं दमणीतूनच विचारलं, "काय झालं पाव्हन्याले?" पाहुण्यानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण घशातून आवाजच निघाला नाही. पुंजाजी म्हणाला, "रातभर हगवन लागली. ऊन बाधलं असंल." जगदेवही म्हणाला, "असंल, ऊनच असंल. कांदा द्या त्याले." आणि बैल हाकलले. वर्गाला उशीर झाला असता तर नायब बोलले असते.

तेव्हापासून ते पोटऱ्या चोळणारे हात त्याच्या मनातून जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचे डॉक्टर निजामुद्दीन आले. उंच, किडकिडीत माणूस, मराठी उर्दूच्या वळणाची, पण एकेक शब्द सावकाश. त्यांनी पाटलांना उठवून कचेरीमागच्या विहिरीवर नेलं. बादलीत जांभळट खडे टाकले, काठीनं ढवळले. पाणी आधी डाळिंबासारखं, मग गर्द झालं. ती बादली त्यांनी विहिरीत सोडली आणि वरखाली, वरखाली करत राहिले.

"ही लाल दवा," ते म्हणाले. "पाणी गुलाबी दिसेपर्यंत टाकायची. रात्रभर हात लावायचा नाही. लोक म्हणतील, पाणी बाटलं. म्हणू द्या."

मग सावलीत बसवून त्यांनी हैजा, म्हणजे पटकी, कसा ओळखायचा ते सांगितलं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. डोळे खोल जातात. हातपाय गार. पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस ओरडतो, आणि मग ओरडायला आवाजही उरत नाही.

जगदेवला पुंजाजीचा पाहुणा आठवला. शेजारी बसलेल्या नानाजी पाटलांनी त्याच्याकडं पाहिलं. "काय रे? पोरीसारका पांढरा काहून पडला?"

जगदेवनं मान हलवली. पण संध्याकाळी धर्मशाळेत भाकरी खाताना त्याच्याच्यानं राहवलं नाही. नानाजी त्याच्या बापाच्या बैठकीतले. तीस वर्षं पाटीलकी केलेला माणूस. त्यानं त्यांना सगळं सांगितलं.

नानाजींनी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला, खाल्ला, मगच बोलले. "तू डॉक्टर हायस का?"

"नाई."

"मंग तुले काय ठावूक हैजा हाय का हगवन? आज तोंड उघडशील तं उद्या सरकार गावात येईन. साथीच्या गावात मानसं जमू देत नाईत. लगन बंद. धानोऱ्याचे लोक मोठे नाकवाले, ते काय थांबतीन? पोरीचं नाव खराब होईन. आनं पाव्हना तं एव्हाना उठून बसला असंल."

"आनं नसंल बसला तं?"

"तं तूही तिथं जाऊन काय करनार? वर्ग संपू दे. घरी जाय. काय असंल ते दिसंलच. गाव राखावं आनं मंग सरकार राखावं, असा पाटील टिकते."

नानाजी वाईट माणूस नव्हते. ते जे बोलले ते जगदेवच्या बापानंही सांगितलं असतं, आणि जगदेवला तेच ऐकायचं होतं. तरी डोळा लागला नाही. तो उठे, अंगणात जाई, बैलांपुढचा चारा उगाच सारखा करी, परत येऊन आडवा होई.

सकाळी तो नायबांकडं गेला आणि एक दिवसाची रजा मागितली. घरी लग्न आहे, असं सांगितलं. नायब म्हणाले, "लग्न शनिवारी ना? वर्ग परवा संपतो. बसा जाऊन." खरं कारण त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. तो जाऊन बसला.

त्या दिवशी डॉक्टर आदल्या दिवशीचा पाठ विचारून घेत होते. एकेकाला उभं करून विचारत : तुमच्या गावी एक माणूस असा असा आजारी पडला, पाटील, तुम्ही काय कराल? म्हातारे पाटील पाठ केल्यासारखं म्हणत, "कोतवाल पाठवून वर्दी देऊ, विहीर बंद करू, साहेब." डॉक्टर मान हलवत, पुढं जात. नानाजींनीही तेच उत्तर दिलं.

मग जगदेवची पाळी आली. तो उभा राहिला.

"काटेबोरीचे पाटील, तुम्ही काय कराल?"

"साहेब," तो म्हणाला, "मी काईच नाई केलं. मी त्याले कांदा द्या म्हनलं आनं दमनीत बसून इकडं आलो."

कोणीतरी हसलं, त्याला ती थट्टा वाटली. डॉक्टरांना तशी वाटली नाही. ते जवळ आले. "कधी?" त्यांनी विचारलं. जगदेवनं सांगितलं. पाहुणा कुठून आला, आवाज कसा गेला होता, कोणत्या विहिरीचं पाणी ते घर पितं, सगळं. लग्नाचंही सांगितलं. नानाजी मान खाली घालून बसले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी बॅग उचलली. "दमणी जुंपा," एवढंच म्हणाले.

अनसिंग गाव मागं टाकून ते काटेबोरीच्या शिवारात शिरले तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत डॉक्टर एकदाच म्हणाले, "पाटीलसाहेब, मी जाऊन पाहीन आणि तो माणूस चिलीम ओढत बसलेला असेल, तर?"

"तं लई चांगलं होईन," जगदेव म्हणाला.

पाहुणा चिलीम ओढत नव्हता. तो आदल्या दिवशी दुपारीच गेला होता आणि लोकांनी त्याला नाल्याकाठी जाळलंही होतं. पुंजाजीची बायको ओसरीवर त्याच जागी निजली होती. तिलाही सकाळपासून जुलाब सुरू झाले होते. पाहुण्याची गोधडी कुठं धुतली, असं डॉक्टरांनी विचारलं, तर पुंजाजीनं गावविहिरीकडं बोट केलं. विहिरीच्या कट्ट्यावरच. दुसरीकडं पाणी होतं कुठं?

त्याच विहिरीच्या पाण्यानं शनिवारचा स्वयंपाक होणार होता.

डॉक्टरांनी बादली मागवली. लाल पाणी विहिरीत उतरलं तशी माणसं गोळा झाली. कोणी म्हणालं, मरीआईचा कोप आहे, औषधानं वाढेल. कोणी म्हणालं, पाणी बाटवलं. डॉक्टरांनी महारवाड्यातली विहीर कुठं आहे ते विचारलं आणि कोणी पुढं होईना तेव्हा जगदेवच बादली घेऊन त्यांच्याबरोबर गेला. परत येताना मांडवाच्या तोंडाशी त्याची आई, गोजराबाई, उभी होती.

"लगनाचं घर," ती म्हणाली, "आनं तू हिरीत रंग कालवून राह्यला?"

"माय, लगन आता होत नाई. महिनाभर तरी नाई."

गोजराबाईनं मांडवाचा खांब धरला. "तुह्या बापानं इतकी वर्सं पाटीलकी केली. गावात दोनदा मरी आली. त्यानं कधी घरचं कार्य मोडलं नाई."

"त्याले कोनी शिकवलं नवतं."

"तुले शिकवलं तं ते तू पाठच्या बहिनीवर चालवतं?"

जगदेवनं बादली खाली ठेवली. दाराआड रुख्मिणी उभी होती. हळदीआधीच तिच्या हातांत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि आत गेली.

धानोऱ्याला निरोप पाठवता आला असता. जगदेव स्वतः गेला. नवरदेवाचा बाप, उकंडराव, बैठकीत होता. जगदेवनं उभ्या उभ्याच सांगितलं : आमच्या गावी एक माणूस हैज्यानं गेला, एक बाई आजारी आहे, वऱ्हाड आणू नका, दुसरा मुहूर्त काढू.

उकंडरावनं विचारलं, "पोरीत काई खोट हाय का?"

"नाई हो. मी खरंच सांगून राह्यलो."

"बाईमानूस आजारी पडलं म्हनून कोनी लगन थांबवते का? आमच्या सोयऱ्याधायऱ्याइले आमी काय सांगाव? येऊ नोका म्हनता, तं आमी कधीच येत नाई." त्यानं पानसुपारीसुद्धा पुढं केली नाही. बाहेर ओट्यावर नवरदेव बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

काटेबोरीत त्या उन्हाळ्यात पुढं काही झालं नाही.

हेच जगदेवला सगळ्यांत जड गेलं. डॉक्टर एक दिवसाआड येत होते. पुंजाजीची बायको त्यांच्या औषधानं उठली. माणसं नाक मुरडत पाणी उकळून पीत होती. आणखी कोणी आजारी पडलं नाही. चांगलं झालं. पण गाव म्हणू लागलं, होतं काय? एका पाहुण्याला ऊन बाधलं आणि पुंजाजीच्या बायकोचं पोट बिघडलं. तेवढ्यासाठी पाटलानं बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मरीआईला कोंबडं दिल्यावर ते श्रेयही तिकडं गेलं. वैशाखात पलीकडच्या दोन गावांत खरोखर हैजा शिरला, पुष्कळ माणसं दगावली. तेव्हाही लोक म्हणाले, देवीनं आपली वेस ओलांडली नाही.

जगदेवनं कोणाला समजावलं नाही. समजावणार काय? त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. विहिरीतल्या पाण्यात काय होतं आणि काय नव्हतं, हे आता कोण सांगणार? शेतात उभा असला तरी तो मधेच वखराला जुंपलेले बैल सोडून विहिरीवर येऊन जाई. कट्ट्यावर कोणी कपडे आपटताना दिसलं की त्याला तिथून उठवी.

गोजराबाई त्याला जेवायला वाढी, बोलत नसे. बोलली ती रुख्मिणीच. एकदा तो परसात बैलाचं जू बांधत होता, ती राख टाकायला आली आणि थांबली.

"दादा, तुले पक्कं ठावूक होतं का?"

"नाई," तो म्हणाला. "तवाही नवतं, आताही नाई."

"मंग कायले उभा राह्यलास त्या वर्गात?"

जगदेवनं जू खाली ठेवलं. "बसवत नवतं म्हनून."

रुख्मिणीनं राखेची पाटी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "धानोऱ्यात मानसं मेली का रे?"

"नाई. धानोऱ्यात कोनी नाई."

"बरं झालं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. ती राख टाकून आत गेली.

पुढच्या वर्षी तिचं लग्न मंगरुळच्या बाजूला झालं. मुलगा बिजवर होता, शेत थोडं होतं, पण माणूस शांत होता. सासरी ती नांदली. गोजराबाईला ते स्थळ कधी मनापासून पटलं नाही. शेवटपर्यंत ती धानोऱ्याचंच नाव काढी.

लग्नाच्या दिवशी पंगती उठत होत्या, बसत होत्या, आणि जगदेव एका जागी ठरत नव्हता. तो आचाऱ्याकडं जाई, पाण्याच्या डेऱ्यांवरचं फडकं उचलून पाही, पुन्हा झाकी. नानाजी पाटील आले होते. त्यांनी त्याचा हात धरला.

"बैस आता जगदेवा. वराकडले लोक तुही वाट पाहून राह्यले."

"बसतो," तो म्हणाला. "हे पानी कुठून आनलं तेवढं इचारून येतो."