बिनआरशाचा कॅमेरा

तिने नव्या कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लगेच काढून घेतला. आत भलताच उजेड होता. समोर खुर्चीत बसलेल्या आजी स्टुडिओच्या मंद दिव्यात दिसत होत्या त्यापेक्षा आत लख्ख दिसत होत्या, एखाद्या छोट्या टीव्हीवर दिसाव्यात तशा. तिने पुन्हा डोळा लावला. आजींच्या उजव्या डोळ्यावर एक इवलासा चौकोन येऊन बसला होता. आजींनी सुनेकडे मान वळवली तर चौकोनही बरोबर वळला, गुळाला मुंगळा चिकटावा तसा.

"बाई, उरका लवकर," आजींचा मुलगा म्हणाला. "बाळ उठलं तर सगळंच ओमफस होईल."

आजींचा ऐंशीवा वाढदिवस होता. मुलगा, सून, नात आणि नातीच्या मांडीवर झोपलेलं तान्हं बाळ. चार पिढ्या एका फोटोत हव्या होत्या. तिने बटण दाबलं. काहीच वाजलं नाही.

"काढला?" आजींनी विचारलं.

"काढला, आजी."

"मग वाजला का नाही?"

"हा न वाजता काढतो."

"अगं बाई. मग आम्ही हसायचं कधी, ते कळणार कसं?"

सगळे हसले, आणि तेवढ्यात तिने तीन-चार फोटो काढून घेतले. बाळ झोपेतच राहिलं.

मंडळी गेल्यावर तिने दाराला आतून कडी लावली आणि फोटो संगणकावर उघडले. पहिला फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. आजींच्या पापणीचा केस न् केस मोजता येत होता. दुसरा तसाच. तिसरा तसाच. ती एकेक फोटो उघडत गेली, पायरी निसटणार हे धरून चालावं तशी. शेवटचा फोटोही स्वच्छ निघाला, तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली. खांदे आपोआप खाली आले. इतके दिवस ते वर ओढलेले होते हे तिला तेव्हाच कळलं.

दोनेक वर्षांपासून तिचे फोटो बिघडत होते. फार नाही, केसभर. फोकस ती अजून डोळ्याने पाहून हातानेच लावायची. चेहऱ्याचा फोटो काढावा तर डोळे किंचित पुसट यायचे आणि कान मात्र ठसठशीत. गिऱ्हाइकांना ते कळत नसे. तिला कळत असे. तिने लेन्स बदलून पाहिली, तरी तेच. म्हणजे लेन्सचा दोष नाही, आपल्या नजरेचा आहे, हे मनाशी पक्कं झालं. मग एकाच्या जागी दहा फोटो काढायचे आणि त्यातला बरा निवडायचा, अशी सवय तिने लावून घेतली. तिने कुणाला सांगितलं नाही.

सांगणार तरी कशी? तिचे बाबा याच स्टुडिओत फोटो काढत. पन्नाशीला आले आणि त्यांची नजर कडेकडेने विझत गेली. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. ती तेव्हा कॉलेजात होती. हाताशी म्हणून उभी राहायची आणि हळूच सांगायची, "बाबा, थोडं डावीकडे." एकदा एका कार्यालयातल्या लोकांचा फोटो काढून झाला, मंडळी उठून चहाला गेलीसुद्धा, आणि बाबा कॅमेऱ्याला डोळा लावूनच म्हणाले, "सगळे आलेत ना? हलू नका." दाराशी चहाचे कप घेऊन उभे असलेले लोक गप्प झाले. डॉक्टरांनी पुढे सांगितलं, हा आजार घरात उतरतो, मुलीने वरचेवर डोळे तपासून घ्यावेत, वेळेवर कळलं तर थांबवता येतो. तिने मान डोलावली होती. गेली मात्र कधीच नाही. न जाण्याला काही ना काही कारण सापडायचंच, आणि फोटो पुसट यायला लागल्यावर तर त्या दवाखान्याचा रस्तासुद्धा तिने टाळला.

शेवटी मिररलेस कॅमेरा घ्यायचं ठरवलं, तेव्हा नवऱ्याला सांगितलं, "जुना डीएसएलआर कॅमेरा फार जड आहे हो. खांदा भरून येतो." खांदा दुखत नव्हताच असं नाही. पण खरी गोष्ट दुकानदाराच्या एका वाक्यात होती. तो म्हणाला होता, "ताई, यात फोकसची काळजी करायची नाही. माणसाचा डोळा हा स्वतः शोधतो." तिला वाटलं, आपल्याला हवं ते हेच. आपली नजर गेली तरी हा चार वर्षं निभावून नेईल.

म्हणून त्या दिवशी आजींचे फोटो पाहून तिला हायसं वाटलं, ते बुडत्याला काडी सापडल्यासारखं. काडी हाताला लागली होती. पाणी तेवढंच खोल होतं.

जुना कॅमेरा तिने नणंदेला देऊन टाकला. नणंद शिवणकाम करायची, गल्लीच्या टोकाला तिचं दुकान होतं. शिवलेल्या कपड्यांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायला तिला कॅमेरा हवाच होता. तोंडाने फटकळ, पण जिवाला जीव देणारी बाई. आठवडाभरात ती कॅमेरा पिशवीत घालून स्टुडिओत हजर झाली.

"हे धूड घे बाई परत," तिने पिशवी टेबलावर ठेवली. "मला भेट दिलीस की कसला सूड उगवलास, वहिनी?"

"का हो, ताई? काय झालं?"

"पुतळ्याला झगा चढवला. पुढच्या बटणावर नेम धरला. तर बटणं पुसट, आणि मागची कॉलर कशी नव्या नवरीसारखी उठून दिसतेय. बटणांवर मी दोन दिवस घालवलेत. कॉलर काय, कुणीही लावेल."

तिने हातातलं काम खाली ठेवलं. "नीट बघून धरला होतात नेम?"

"म्हणजे?" नणंदेने कमरेवर हात ठेवले. "काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने शिवते मी अजून, बिनचष्म्याची. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. माझ्या डोळ्यांना नाव ठेवू नकोस."

तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, जुना कॅमेरा तिवईवर चढवला आणि तिरका धरून मधल्या एका ओळीवर हाताने फोकस लावला. ओळ तिला स्वच्छ दिसत होती. फोटो काढून पाहिला, तर ती ओळ पुसट आणि तिच्या मागच्या दोन ओळी ठळक. मग तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. डोळा लावायचं सोडून कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा चालू केला. कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा लावावा, पडद्यावर पाहून काढतात ते हौशी लोक, ही बाबांची शिकवण. पडद्यावर पाहून तीच ओळ साधली आणि फोटो काढला. अक्षर न् अक्षर वाचता आलं.

"काय झालं गं?" नणंदेने विचारलं.

"आरसा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला. "ताई, यात एक आरसा असतो. आपण डोळा लावतो तेव्हा त्या आरशातलं दिसतं. फोटो काढताना तो वर उचलला जातो आणि फोटो मागे उमटतो. आरसा केसभर हलला, तर आपण पाहतो एक आणि येतं भलतंच."

"मग नव्यात?"

"नव्यात आरसाच नाही. उमटतं तेच दिसतं."

"म्हणजे हा बिघडलाय. तेच तर सांगतेय मी मघापासून."

ती खाली बसली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो दोन वर्षं तिच्या मानेवर बसला होता, आणि होता काय, तर जागचा हललेला एक आरसा. एवढी मुरलेली फोटोवाली, पण कॅमेऱ्यावर संशय घ्यायचं सुचलं नाही. संशय आधीच दुसरीकडे जाऊन बसला होता. ती हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

"अगं, रडतेस काय? दुरुस्त होईल की," नणंद म्हणाली, आणि काही न कळता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नणंद गेल्यावर तिने स्टुडिओला कुलूप लावलं आणि समोरच्या छापखान्यात गेली. नवरा तिथे अल्बम छापायचा. तो यंत्रावर पानांच्या कडा कापत होता.

"अहो, जुन्या कॅमेऱ्याचा आरसा हललेला होता."

"हं?"

"फोटो त्यामुळे पुसट येत होते. माझ्या डोळ्यांमुळे नाही."

हे वाक्य आजवर तिने उच्चारलं नव्हतं. डोळ्यांना काय झालं, असं तो विचारील म्हणून ती थांबली. त्याने विचारलं नाही. यंत्र बंद केलं आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसला, दम लागल्यासारखा.

"नक्की ना?"

"नक्की. ताईंनाही तसंच दिसलं. मी तपासून पाहिलं."

त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "हुश्श," एवढंच म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू पानभर फोटो लावायचं सोडलंस. पूर्वी प्रत्येक अल्बमात एखादा तरी मोठा चेहरा असायचा. आता सगळे टिकलीएवढे. छापतो मीच ना गं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. कॅमेरा घ्यायचा म्हणालीस तेव्हा वाटलं, आता सांगेल. तू खांदा म्हणालीस."

ती त्याच्या शेजारी गठ्ठ्यावर बसली. बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं. त्याने खाकरून घसा साफ केला.

"एक केलंय मी. रागावू नकोस. शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय, माझ्या नावावर. मला नीट दिसत नाही, सोबत चल, असं सांगून तुला नेणार होतो. आणि तिथे गेल्यावर म्हणणार होतो, आलोच आहोत तर तूही दाखवून घे."

"आणि मी ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलंस. पण दुसरं काही सुचेना." तो उठला आणि खिशातून फोन काढला. "आता रद्द करून टाकतो."

तिने यंत्राजवळचं एक कापलेलं पान उचललं, खिडकीकडे धरून नीट पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं.

"रद्द नका करू," ती म्हणाली. "फक्त नाव बदलून घ्या."