सुदेशच्या कम्प्युटरचा ताप

सुदेशने घरी स्वतः कम्प्युटर जोडला, तेव्हा नाक्यावर बॅनर लागला. 'स्वतःच्या हाताने कम्प्युटर बनवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. त्यातला एक माझाही होता. मला कुणी विचारलं नव्हतं.

सुदेश माझा थोरला. आमच्या शेतावर बिल्डरचे टॉवर उभे राहिल्यापासून त्याला वेळ भरपूर. कम्प्युटर त्याने लेकीसाठी, समृद्धीसाठी जोडला. ती ठाण्याला आर्किटेक्टचं शिकते. तिने आखलेल्या घराचं चित्र आज पाचच्या आत कॉलेजला पाठवायचं होतं, नाहीतर वर्ष वाया. चित्र पुरं करायला कम्प्युटरला सलग अडीच तास लागतात, आणि हा पठ्ठ्या दहा मिनिटांत तापून बंद पडत होता. सकाळपासून पाच वेळा.

"अठ्ठ्याण्णव डिग्री," समृद्धी पडद्याकडे बघत म्हणाली. "पप्पा, आतला कूलर काढून बघू या ना."

"कनाला? मी सोता जोरलाय. आतमंदी चुकी असूच शकत नाय."

म्हणून चूक बाहेर शोधायचं ठरलं. आधी खोलीचा एसी सोळावर केला. मी शाल पांघरून बसले. कम्प्युटर बंदच पडला.

मग वर्तकनगरहून माझा भाचा नयन आला. त्याच्याकडे दोन लॅपटॉप आहेत, म्हणून तो घरातला तज्ज्ञ. त्याने कम्प्युटरच्या डब्याची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावला. बंद.

"दादा, याचं तोंड दक्षिणेला आहे," नयन म्हणाला.

डबा उत्तरेकडे फिरवला. आता तो उत्तरेकडे तोंड करून बंद पडला.

"मग शीळफाट्याची धूळ असणार. तिथे रस्ता खणलाय ना."

"कम्प्युटर आठ दिवसांचा आहे, काका!" समृद्धीचे डोळे भरून आले. दीड वाजला होता.

डबा उघडाच होता. मी सहज आत हात घातला. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचा कूलर असतो. प्रोसेसरची उष्णता ओढून घ्यायची, एवढंच त्याचं काम. तो गारेगार लागला.

"गो समृद्धी, खाली चूल पेटलीय नि वरचा टोप गार कसा?"

तिने कूलरला बोट लावलं, माझ्याकडे बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. "पप्पा, बाजूला व्हा."

"आये, तू कनाला बोललीस?" सुदेश माझ्यावर उखडला.

चार स्क्रू निघाले. कूलर उलटा केला, तर बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं. त्यावर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं.

"'लावण्याआधी काढा,' असं लिहिलंय, पप्पा."

"वाचलाय मी," सुदेश म्हणाला. "पन नव्या वस्तूचा प्लास्टिक कोन काढतो? चरे परतात."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक नऊ वर्षांचं आहे, पाहुणे त्यावरून घसरतात. फ्रिजच्या मुठीवर आहे, गाडीच्या सीटवर आहे, रिमोट तर पिशवीतूनच दाबायचा. नयनने मोबाइल हळूच खिशात घातला. त्यावर दुकानातला प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता.

समृद्धीने प्लास्टिक सोललं, बूड पुसलं, उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या पेस्टचा नवा ठिपका टाकला आणि कूलर घट्ट बसवला. कम्प्युटर पुन्हा चालू केला. डिग्रीचा आकडा चढत गेला आणि बावन्नावर थांबला. आम्ही चौघं त्या आकड्याकडे बघत बसलो, जेवायचंही कुणाला सुचलं नाही. पावणेपाचला चित्र पुरं झालं, दहा मिनिटं उरली असताना कॉलेजला पोचलं. पोर माझ्या गळ्यात पडली.

सुदेश तेवढ्यात केराच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत होता. ते प्लास्टिक सापडलं. लेंग्याला पुसून, घडी घालून त्याने पाकिटात ठेवलं.

"र्‍हाऊ दे आये," तो हळूच म्हणाला. "उद्या कूलर विकायचा झाला, त परत लावता येल."