बाळ्याचा फोन

एवढं एक काम जमलं, तर लाइनमनच्या पदरात बरंच काही पडणार होतं. नवा राउटर घ्यावा लागणार नव्हता. कंपनीचा तो बूट न काढता घरात शिरणारा माणूस पुन्हा उंबऱ्यावर दिसणार नव्हता. आणि मुख्य म्हणजे, ‘बाबा, जमलं की तुम्हाला!’ असं एक वाक्य सूनबाईच्या तोंडून निघणार होतं. ती थकबाकी तिच्या लग्नापासूनची होती.

ती अजून वसूल व्हायची होती, कारण टीव्हीच्या पडद्यावर सकाळपासून काळी पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या ओळी धावत होत्या.

“बाबा, दुपार झाली. चिमीचं कार्टून गेलं, माझी मालिका गेली. काय म्हणतंय काय ते?”

“फर्मवेअर सापडत नाही म्हणतंय.”

“मग कपाटाखाली बघा ना. तुमचा चष्मा तिथेच सापडतो.”

लाइनमन तारांशीच खुडबुडत राहिला. आयुष्यभर खांबांवर चढून लोकांचे टेलिफोन दुरुस्त केलेला माणूस, निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी इमारतीत सगळे त्याला लाइनमनच म्हणत. खांबावर असताना खालून कुणी काही बोललं तर ऐकू आलं नाही असं दाखवायची त्याला जुनी सवय होती.

टीव्हीला जोडलेला तो संगणक पत्त्यांच्या जोडाएवढा होता. जुना राउटर जळला तेव्हा लाइनमनने ठरवलं, की भिंतीतून इंटरनेटची तार येतेच आहे, ती या चिमुकल्याला जोडायची, त्याच्या पाठीत वायफायची काडी खुपसायची आणि घरभर लहरी सोडायच्या. पण संगणक त्या काडीला ओळखच देईना. आधी ड्रायव्हर हवा, म्हणजे दोघांमधला दुभाष्या. दुभाष्या मिळाला, तर आता फर्मवेअर हवं. ती काडी वीज गेली की सगळं शहाणपण विसरणारी होती. दर वेळी चालू होताना तिला ते नव्याने पाजावं लागे. लाइनमनने एक फाइल आणून पाजली. काडीचा दिवा लागला, पण ती बोलेना. फाइल तिच्या जुळ्या बहिणीची निघाली, नावात फक्त एका आकड्याचा फरक.

“इथलं जाऊ दे,” सूनबाई खुर्चीवरचे कपडे घडी करत म्हणाली, “ह्यांचा फोन नाही चार दिवस. माझ्या फोनात नेट आहे, तरी येत नाही. बरे असतील ना?”

“अगं, तिकडचं नेटवर्क. परदेश म्हणून काय झालं, गोदामात बसलाय तो. पत्र्याखाली रेंज कुठली यायला?”

“पण गंमत बघा. आपला राउटर जळला त्याच दिवसापासून त्यांचा फोन बंद.”

लाइनमन मोठ्याने हसला. “म्हणजे इथला राउटर जळला म्हणून सातासमुद्रापलीकडचा फोन बंद पडला? तुला लाइन खात्यात घेतलं असतं तर खातंच बुडालं असतं!”

सूनबाईही हसली, पण घडी करता करता तिने एकच शर्ट दोनदा झटकला. तो नवऱ्याचा होता. घालणारं कुणी नसताना ती तो दर महिन्याला धुऊन ठेवत असे.

संध्याकाळी योग्य फाइल मिळाली. काडी बोलू लागली. आता वायफायला नाव आणि पासवर्ड द्यायचा. लाइनमनने जुनंच नाव दिलं आणि जुनाच पासवर्ड. नवा ठेवला की तो सगळ्यांना सांगत बसा, आणि सांगताना शेजारी कान टवकारणार! जुनाच ठेवला की ज्या फोनांना तो पाठ आहे ते कुणाला न विचारता आपले आपण जोडले जातात. घरच्या माणसाने बेल न वाजवता किल्लीने दार उघडावं तसे.

तसंच झालं. काळ्या पाटीवर एकेक ओळ उगवू लागली. घरातल्या सगळ्या फोनांची बारशी लाइनमननेच केली होती, त्यामुळे वाचायला मजा येत होती. आधी ‘लाइनमन’ आला. मग ‘सूनबाई’. मग नातीचा टॅब, ‘चिमी’.

“जमलं!” लाइनमन ओरडला.

“जमलं की बाबा तुम्हाला!” स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली.

पण ते ऐकायला लाइनमन जागेवर नव्हता. म्हणजे होता तिथेच, जमिनीवर मांडी घालून, पण पाटीवर चौथी ओळ उगवली होती.

‘बाळ्या’.

मुलगा निघाला त्याच्या आदल्या रात्री त्याच्या नव्या फोनात हे नाव लाइनमननेच टाकलं होतं. “बाबा, तिकडे लोक हसतील,” असं मुलगा म्हणाला होता.

लाइनमनने चष्मा पुसला. ओळ तिथेच. काहीतरी जुनी आठवण राहिली असेल यंत्रात, असं तो मनाशी म्हणाला. पण या यंत्राचं वायफाय तर आत्ताच सुरू झालं होतं. त्याला आठवण असणार कुठून?

तेवढ्यात सूनबाईचा फोन वाजला.

“पप्पा!” चिमी धावली. सूनबाईने ओल्या हातानेच फोन उचलला. पडद्यावर मुलाचा चेहरा उमटला. दाढी वाढलेली, मागे कसलीशी पांढरी भिंत.

“अहो, होता कुठे चार दिवस? जीव टांगणीला लागला होता माझा.”

“नेटवर्क नव्हतं गं इकडे. आत्ताच आलं.”

“पप्पा, आज किती स्पष्ट दिसताय तुम्ही!”

खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. खिडकीतून त्याचा आवाज आला. आणि लगेच, श्वासभर मागून, तोच कुत्रा फोनातून भुंकला.

सूनबाई आणि चिमी एकाच वेळी बोलत होत्या, त्यांना काही कळलं नाही. लाइनमनने मात्र ऐकलं. त्याने पुढे वाकून पडद्यात पाहिलं. मुलाच्या खांद्यामागे भिंतीवरून एक पाइप गेला होता आणि त्याच्या सांध्यावर हिरव्या रंगाचा ओघळ होता. तो ओघळ लाइनमनच्या हातचा होता. गच्चीच्या दाराशी, टाकीचा पाइप रंगवताना सांडलेला. हे बिऱ्हाड सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. तो पाइप त्याच्या डोक्यावर, एका जिन्याच्या अंतरावर होता.

“काय रे,” त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. “तिकडे कुत्री आहेत का?”

मुलाची नजर एकदा खाली जाऊन आली.

“आहेत की बाबा. कुत्री काय, सगळीकडेच असतात.”

संगणकाची विजेची तार लाइनमनच्या मुठीत होती. ओढली असती तर चेहरा विझला असता आणि आपण काहीच पाहिलं नाही असं स्वतःला समजावता आलं असतं. खांबावर असताना हजारो लोकांचं बोलणं त्याच्या कानावरून गेलं होतं. जोडून द्यायचं, ऐकायचं नाही, एवढा एकच नियम त्याने पाळला होता. त्याने तार सोडली.

फोन संपल्यावर, “जरा पाय मोकळे करतो,” म्हणून तो बाहेर पडला. नेहमी खाली जायचा, आज वर गेला. वळणावरच थांबला. वरच्या पायरीवर, पाइपाला टेकून, मुलगा बसला होता. बंद झालेल्या फोनकडे बघत. अंगात बाजारामागच्या गोदामातल्या हमालांचा निळा शर्ट. पायांत तेच काळे बूट, निघताना लाइनमनने घेऊन दिलेले, एकाचा तळ दोरीने बांधलेला.

कधी परत आला, कसला दगा झाला, किती संध्याकाळी इथे बसून घरच्याच वायफायवरून घरी परदेशचा फोन केला, यातलं काहीही लाइनमनला ऐकायचं नव्हतं. इमारतीतल्या दारादारांत त्याने सांगून ठेवलं होतं, आमचे चिरंजीव तिकडे सुपरवायझर आहेत. गुडघे वाजू नयेत म्हणून कठडा धरून तो आल्या पावली खाली उतरला. जेवताना त्याने मीठ दोनदा वाढून घेतलं आणि खारट झाल्याचं त्याला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कामावरून आली तेव्हा बाल्कनीत मोकळी जागा होती.

“बाबा, तुमची खुर्ची?”

“दिली एकाला.”

“अहो, तुमच्या गुडघ्यांना तीच एक चालते. कोणाला दिलीत?”

“बसायला जागा नव्हती त्याला.”

लाइनमन उंबऱ्यावर बसला होता. सूनबाईने उशी आणून दिली.

संध्याकाळी फोन आला. आज मुलाचा आवाज बसलेला होता. तो सारखा कडेकडेने सरकत होता, फोन चेहऱ्याच्या फार जवळ धरत होता. पण चिमीने शाळेतली गोष्ट सांगितली, तो हसला, मागे रेलला आणि पडद्यात खुर्चीचा हात आला. त्यावर चांदणीचं स्टिकर होतं, अर्धं सोललेलं.

“पप्पा! माझं स्टिकर तिकडे कसं आलं?”

पडद्यात मुलाचा हात चटकन स्टिकरवर आला.

सूनबाईने पडद्याकडे पाहिलं. बाल्कनीतल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे. लाइनमनने मान खाली घातली. तिचा चेहरा अंगावरून गार पाणी गेल्यासारखा झाला होता.

“जेवलात का?” तिने फोनाला विचारलं.

“नाही,” फोनातून उत्तर आलं.

तिने फोन चिमीच्या हातात दिला. घडी करून ठेवलेला तो शर्ट कपाटातून काढला, चपला पायांत सरकवल्या आणि दार उघडलं. तिच्या चपला जिन्यावर वाजू लागल्या. मग, श्वासभर मागून, त्याच चपला फोनातून वाजत जवळ येऊ लागल्या.

लाइनमन उंबऱ्यावरून उठला नाही. राउटर घ्यावा लागला नव्हता, सूनबाईचं वाक्यही वसूल झालं होतं. तिला मिळणार होता तो तळ बांधलेल्या बुटांचा नवरा. आणि परदेशातला जो एक मुलगा इतकी वर्षं लाइनमनच्या नावावर जमा होता, तो चपलांचा आवाज थांबला तिथे वजा झाला.