ठोके शहाण्णववर अडले

क्रेनमास्तरांची समजूत अशी की हृदयाच्या तपासणीत पळत्या पट्ट्यावर चालताना काळीज जितकं शांत, तितका माणूस ठणठणीत. आता कुणाला विचारलं असतं तर कुणी खाल्लं नसतं त्यांना. पण विचारतील तर ते मास्तर कसले. ठोके आवरणारी गोळी तपासणीआधी दोन दिवस बंद ठेवा, असं दवाखान्यानं बजावलं होतं. बायकोनं गोळ्यांच्या डबीतले त्या दोन दिवसांचे खण रिकामे ठेवले. यांनी मात्र तपासणीच्या सकाळी न्हाणीघरात जाऊन बाटलीतल्या दोन गोळ्या गुपचूप गिळल्या. नापास झालो तर क्रेन चालवायचं काम जाणार आणि खाली फाटकावर गाड्यांना हात दाखवत बसावं लागणार, ही धास्ती.

पट्टा पळाला, चढ वाढला, मास्तर घामाघूम झाले. पण ठोके शहाण्णववर जे अडले ते हलेनात. हवे होते एकशे चाळीसच्या आसपास.

"गोळी घेतली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे, मुळीच नाही," मास्तर म्हणाले. बोलून गेले ते गेले.

"मग काळजी आहे. गोळी न घेताही ठोके वाढत नसतील, तर हृदयातच काही बिघाड असू शकतो." तरी खात्रीसाठी त्यांनी औषधाचं प्रमाण पाहायला रक्त घेतलं.

चार दिवसांनी नवराबायको रिपोर्ट ऐकायला गेली. रक्तात औषध होतं, आणि रोजच्या एका गोळीनं असतं त्याहून बरंच जास्त.

"म्हणजे ठोके औषधानंच दाबले. तपासणी पुन्हा करावी लागेल," बाई म्हणाल्या. "घरी गोळ्या कोण देतं?"

"मी," बायको म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. गेले काही महिने ती किल्ल्या विसरायची, गॅस चालू ठेवायची, आणि मास्तर चारचौघांत तिची टर उडवायचे. "खण रिकामे ठेवले असंच वाटत होतं मला. दिल्या असतील विसरून. बाई, माझंही डोकं एकदा तपासा. उद्या यांच्या जिवावर बेतेल."

डॉक्टरीणबाई मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहू लागल्या. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या, तेव्हा कुठे मास्तरांना तोंड फुटलं.

"तिनं नाही दिल्या. मी घेतल्या. चोरून."

बाईंचं पेन थांबलं. बायकोनं मात्र मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

"असेच आहेत हे," ती बाईंना म्हणाली. "मला पाठीशी घालायला काहीही बोलतील. तुम्ही लिहा."

"अगं, देवाशपथ मीच घेतल्या."

"पुरे आता," ती डोळे पुसत म्हणाली. "किती सांभाळून घ्याल मला?"

तिच्या नजरेतलं ते कौतुक बघून मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.