माझं पाणी कोणी खाल्लं?

मी एक जुना हातपंप आहे. लाखनीजवळच्या एका लहान गावात, वावराच्या कडेला उभा आहे. मित्रांनो, म्हातारे गोड बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर आज तुमची निराशा होईल. मला राग आला आहे.

मला बसवलं तेव्हा पहिलं पाणी लोकांनी कपाळाला लावलं. गाव मला बोरिंग म्हणे. पहाटेपासून माझ्यापुढे गुंडांची, म्हणजे पाण्याच्या हंड्यांची, रांग लागे. धान रोवून आलेल्या बाया चिखलाचे पाय माझ्याच धारेखाली धूत. कडक उन्हाळ्यातही मी आटलो नाही, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मग शेजारच्या वावरात धर्मेंद्रने कोंबड्यांचं शेड टाकलं. त्यात वाईट काही नव्हतं. गावात सगळेच कोंबडी खातात. पण महामार्गावरच्या ढाब्यांची मागणी वाढली, तशी शेडंही वाढली. कोंबड्यांसाठी खोल बोअर झालं. त्यांना मका लागतो, म्हणून भर उन्हाळ्यात मका पेरला आणि त्या मक्यासाठी आणखी खोल बोअर झालं. मक्याची पोतीच्या पोती शेडमध्ये जात. त्या मानाने बाहेर पडणारं मांस थोडंच असे. माझ्या पायाखालचं पाणी मात्र दिवसरात्र उपसलं जाई.

एका वैशाखात माझा दांडा नुसता खडखडला. रोज माझ्यावर पाणी भरणारी रुखमिणी घाम येईपर्यंत तो दाबत राहिली. थेंब आला नाही. शेवटी ती नाल्यापलीकडच्या विहिरीवर गेली आणि भरला गुंड घेऊन येताना दगडांवर घसरली. हात मोडला. तिची लहानगी रुचिका तिच्याऐवजी गुंड उचलू लागली. मी पाहत होतो. मला पाय असते तर मीच विहिरीवर गेलो असतो!

त्याच आठवड्यात धर्मेंद्रच्या मुलाचा वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंगतीतलं उष्टं माझ्याच ओट्याजवळ आणून टाकलं. अर्धवट खाल्लेले, काही तर तोंडही न लावलेले कोंबडीचे तुकडे. माशा घोंगावत होत्या. रुखमिणीची सासू शकुनबाई रिकामा गुंड घेऊन आली आणि जागीच थांबली.

"धर्मेंद्र, इकडे ये! हे काय फेकलंस?"

"उरलं ते फेकलं, मावशी. सडून राहिलं होतं."

"माह्या सुनेचं पानी फेकलंस तू!"

धर्मेंद्र हसला. "लोक खाऊन राहिले, म्हनून मी पोसून राहिलो. तू नाही खात का?"

"खातो ना आमी बी. पन रोज कायले? अन् फेकाले कायले?"

धर्मेंद्र शेडकडे निघून गेला. शकुनबाई मात्र थांबली नाही. तिने घराघरांतल्या बायांना गोळा केलं. त्यांनी ठरवलं, कोंबडी सणाला आणि पाहुणा आला तरच. एरवी लाखोरीची डाळ, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. लाखोरी धान कापल्यावर उरलेल्या ओलीवरच येते, बोअरचं पाणी मागत नाही. पुरुष कुरकुरले, पण जेवले. ग्रामसभेत बायांनी भांडून उन्हाळी मका बंद करवला. धर्मेंद्रने आरडाओरडा केला, पण त्याच्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मला पुन्हा पाणी आलं. थांबून थांबून, जेमतेम. रुखमिणीचा वाकडा जुळलेला हात दांडा दाबू शकत नाही, ती डाव्या हाताने दाबते. शेडचं बोअर अजून चालूच आहे, कारण ढाब्यांवरची मागणी थांबलेली नाही. माझा रागही गेलेला नाही.

मित्रांनो, तुम्ही माझ्या गावात राहत नसाल, पण कुठल्यातरी ढाब्यावर जेवताच. रोज मांस मागू नका. मागाल तेवढं संपवा. आणि माझ्या एकट्याने काय होणार, असं तर मुळीच म्हणू नका. आम्हाला कोरडं पाडलं तेही एकेकट्यानेच, एकेक ताट मागवून.