कुडपणचा रेंजचा कातळ

मी एक जुना कातळ आहे. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या पठाराच्या अगदी कडेला मी बसलेला आहे. मित्रांनो, जुना म्हणजे किती, असे तुम्ही विचाराल. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही मला जुनाच पाहिला. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला रस बाहेर वाहू लागला. त्या रसाचा मी एक थेंब. हळूहळू थंड झालो, घट्ट झालो. माझ्या अंगावरची बारीक भोके पाहा. आत अडकलेल्या वाफेच्या त्या खुणा आहेत.

माणसे आली ती फार उशिरा. मी त्यांच्या उपयोगी पडलो याचा मला आनंद आहे. त्यांनी माझ्यावर कोयते घासले, नाचणीची कणसे वाळत टाकली, म्हशींनी पाठ खाजवून घेतली. पण माझे खरे काम सुरू झाले ते मोबाइल आल्यावर. मुंबईला नोकरी करणारा भरत सुट्टीवर आला होता. हात वर करून, मान वाकडी करून तो सगळे पठार फिरला आणि शेवटी माझ्यावर चढला. लगेच ओरडला, "आली! रेंज आली! या सगळे हिकडं!"

त्यात जादू काही नव्हती. फोनच्या लहरींना डोंगर आडवा आला की त्या अडतात. माझ्या माथ्यावरून मात्र खाली दरीतला टॉवर सरळ दिसतो, मध्ये काही येत नाही.

त्या दिवसापासून मी 'रेंजचा कातळ' झालो. मुंबईला कुणाकडे बाळ झाले, चाळीत कुणाला खोली मिळाली, गणपतीला कोण येणार, सगळे पहिल्यांदा मला कळू लागले. दसऱ्याला कोयत्या-विळ्यांना वाहिलेल्या झेंडूतले एक फूल माझ्याही वाट्याला येऊ लागले.

आता श्रुतिकाची गोष्ट सांगतो. ती इथल्या वाडीतल्या महादूची मुलगी. महाडला आत्याकडे राहून रसायनशास्त्र शिकली. पदवी घेऊन घरी आली आणि रोज माझ्यावर बसून नोकरीचे अर्ज पाठवू लागली. महाडच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची मुलाखत झाली होती. तिचे आजोळ तुडीलला, सावित्री नदीच्या काठी. लहानपणी त्या पाण्यात ती डुंबली होती. त्याच पाण्यात काय विरघळले आहे हे शोधण्याचे काम तिला मनापासून हवे होते.

एका सकाळी तिचा फोन किणकिणला. नेमणुकीचे पत्र होते. 'शुक्रवारपर्यंत होकार कळवावा,' असे शेवटी लिहिले होते. श्रुतिकाचे बोट उत्तर लिहायला पुढे झाले, तेवढ्यात महादू आणि कुशाबा वर आले. कुशाबा म्हणजे वाडीतला सोयरिकी जमवणारा माणूस. वाडीतली अर्धी लग्ने त्याने ठरवली होती. शब्द कसा टाकायचा आणि कसा घ्यायचा, हे त्यालाच विचारायचे, अशी वाडीची पद्धत.

"लगेच हो म्हणतेस व्हय गो?" कुशाबा म्हणाला. "पयल्या निरोपाला हो म्हटलं का माणूस हावरा दिसतो. मुलीकडचे कधी पयल्या झटक्यात हो म्हणतात का? गरज असंल तर दुसरा निरोप येतोच."

"काका, हे लग्न नाय. नोकरी हाय."

"माणसं तीच ना गो? का नोकरी देणारे आभाळातून पडतात?"

श्रुतिकाने बाबांकडे पाहिले. महादू मान खाली घालून म्हणाला, "कुशाबाला जनरीत कळते, पोरी. थांब दोन दिवस. उगीच आपण उतावळे दिसायला नको."

शिकलेली मुलगी, पण आपण हावऱ्या दिसू ही भीती तिच्याही मनात होतीच. तिने फोन खाली ठेवला. मी दगड. बोलता आले असते तर ओरडलो असतो.

ती रोज येऊन दुसऱ्या निरोपाची वाट पाहू लागली. शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत बसली. फोन गप्पच होता. शनिवारी तिने धीर करून प्रयोगशाळेत फोन लावला. प्रमुख प्रियदर्शिनी मॅडमनी तो उचलला. आवाज शांत होता.

"श्रुतिका, आम्ही काल ऑफिस बंद होईपर्यंत वाट पाहिली. तुमचं काहीच उत्तर नाही, म्हणून आज सकाळी दुसऱ्या उमेदवाराला पत्र पाठवलं. तुम्हाला नको असेल असं वाटलं."

"नको नव्हतं, मॅडम," एवढेच ती म्हणाली. फोन बंद झाल्यावर तिने गुडघ्यांत डोके घातले. माझ्यावर ऊन, पाऊस, गारा सगळे पडले आहे. पण त्या दिवशीचे तिचे अश्रू मला अजून आठवतात.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि लिहायला बसली. आधी लांबलचक लिहिले, त्यात वाडीची रीत होती, कुशाबा होता, वडील होते. वाचून पाहिले आणि सगळे पुसून टाकले. मग सावकाश, एकेक शब्द पारखून लिहिले:

'आदरणीय मॅडम, आपल्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी देऊ केल्याबद्दल मी आभारी आहे. मला हे काम करायचे होते. मुदतीत कळवले नाही, ही माझी चूक. ज्यांची निवड झाली त्यांना शुभेच्छा. पुढे कधी जागा झाली तर माझा विचार व्हावा, ही विनंती.'

खाली नाव, गाव आणि फोन नंबर. ते वाऱ्यावर पाठवून ती घरी गेली.

त्यानंतर महादू कुशाबाशी फारसा बोलेना. कुशाबाही माझ्याकडे फिरकला नाही. नाचणीची कापणी आली. श्रुतिका आईबरोबर शेतात राबू लागली, पण येता-जाता फोन माझ्यावर ठेवायला विसरत नसे.

एका दुपारी ती माझ्यावर कणसांचा भारा उतरवत असताना फोन वाजला.

"प्रियदर्शिनी बोलतेय. त्या उमेदवारानं हो कळवलं होतं, पण रुजू व्हायच्या दिवशी आलाच नाही. येत नाही हेसुद्धा कळवलं नाही. मग तुमचं ते उत्तर आठवलं. जागा गेल्यावर आभार मानणारं उत्तर आम्हाला सहसा येत नाही. तुम्हाला अजून यायचंय का?"

"हो मॅडम. यायचंय."

"पत्र पाठवते. विचार करून कळवा."

"विचार झालाय, मॅडम. मी इथंच थांबते."

मळलेल्या हातांनी ती माझ्यावर बसून राहिली. पत्र आले. तिने ते शांतपणे शेवटपर्यंत वाचले, रुजू होण्याची तारीख दोनदा पाहिली आणि उत्तर दिले: 'मी ही नेमणूक स्वीकारत आहे. दिलेल्या तारखेला मूळ कागदपत्रांसह हजर राहीन. धन्यवाद.' ते पोचल्याची खूण दिसली, तेव्हा कुठे ती उठली आणि शेताच्या बांधावरून ओरडत धावली, "आई! बाबा!"

संध्याकाळी सगळी वाडी माझ्याभोवती जमली. कुशाबा मिशीत हसत म्हणाला, "मी काय सांगत होतो? आला का नाय दुसरा निरोप?"

"आला की, काका," श्रुतिका म्हणाली. "पण उशिरा का होईना, पयल्याला उत्तर दिलं म्हणून आला."

सगळे हसले. महादू तर डोळे पुसत हसला. कुशाबाने मात्र टोपी काढून डोके खाजवले.

मित्रांनो, पुढे शाळेजवळ नवा टॉवर उभा राहिला. घराघरांत रेंज आली आणि माझ्याकडची वाट गवताने बुजली. फिरायला आलेल्या कुणीतरी माझ्या अंगावर रंगाने आपले नाव लिहिले. मला वाटले, आपले काम संपले.

पण परवा काठी टेकत एक जण वर आला. कुशाबा. घरी गलका असतो, म्हणून तो मुद्दाम इथे आला होता. त्याच्या पुतण्यासाठी, हृतिकसाठी, सव गावाहून स्थळ आले होते. त्याने फोन कानाला लावला, घसा साफ केला.

"पाव्हणं, कुशाबा बोलतो. तुमची मुलगी चांगली, घरही चांगलं. पण आमचा हृतिक इतक्यात लग्नाला तयार नाय. म्हणून नाय म्हणतो. तुम्ही आमचं घर विचारलंत, बरं वाटलं. आमच्यासाठी थांबू नका."

पलीकडून आवाज आला, "कळवलंत ते लय बरं केलंत, दादा. नायतर आम्ही वाटच बघत बसलो असतो."

कुशाबाने फोन खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "जमलं रे दगडा!" मग सदऱ्याच्या टोकाने तो माझ्यावरचा रंग घासू लागला. रंग काही निघाला नाही, पण मला बरे वाटले.

मित्रांनो, कधी डोंगरात याल तेव्हा आमच्या अंगावर नावे लिहू नका. आणि कुणी तुमच्या उत्तरासाठी थांबले असेल, तर हो असो वा नाही, त्याला वेळेवर आणि गोड शब्दांत कळवा. वाट पाहणे मला जमते, मी कातळ आहे. माणसांना ते फार जड जाते.